त्रेचाळीस किलोंची स्प्रिंग

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, आणि लिफ्टवाल्यांच्या जगात माणसाचं वजन एकदाच ठरलेलं आहे: अडुसष्ट किलो. बारीक असो, जाडजूड असो, कडेवर मूल असो, लिफ्टच्या पाटीवर सहा माणसं लिहिलं की सहा गुणिले अडुसष्ट, विषय संपला. मी कपडे शिवते. माझ्या जगात दोन माणसं सारखी नसतात, एका माणसाचे दोन खांदेसुद्धा सारखे नसतात. यावरून आमचं लग्नाच्या पहिल्याच वर्षी वाजलं होतं, आणि अजून अधूनमधून वाजतं. तो म्हणतो, तुमच्या धंद्यात शिस्त नाही. मी म्हणते, तुमच्या धंद्यात माणूसच नाही, नुसता भार आहे.

गाडी बांधायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते बाबांमुळे. बाबा म्हणजे माझे सासरे. उभं आयुष्य त्यांनी ट्रक चालवला आणि त्याची वसुली शेवटी त्यांच्या कण्याने केली. उभे राहिले तर ठीक, सावकाश चालले तर ठीक, पण गाडीत बसवलं आणि चाक नुसतं खडीवरून गेलं तरी त्यांचा चेहरा पांढराफटक व्हायचा. टॅक्सी करून पाहिल्या, ओळखीतल्या एकाची भलीमोठी मऊ गाडी मागून आणली. तिच्यातही त्यांना पाय लांब करून, पाठ अर्धी टेकवून बसता येईना. मग त्यांनी गाडीत बसणंच सोडलं. ज्या माणसाने अख्खा जन्म चाकावर काढला, तो घर ते कोपरा एवढ्यावर आला.

एकदा जेवताना ते सहज बोलून गेले. डोंगरापलीकडे जाणारा घाट त्यांच्या रोजच्या वाटेवरचा. "तो घाट मी इतक्यांदा चढलो, पण दरी एकदाही पाहिली नाही," म्हणाले. "मागे माल, पुढे वळण. बघतो कोण? एकदा मागच्या सीटवर बसून जायला पाहिजे होतं." एवढं बोलून ते पाणी प्यायले आणि विषय सोडून दिला. माझ्या नवऱ्याने सोडला नाही. त्याचा हात तोंडाजवळच थांबला होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं, आता हा काहीतरी बांधणार.

त्याला साथ मिळाली कासवाची. कासव हा त्याचा शाळेपासूनचा मित्र, लेथवर काम करणारा टर्नर. आमच्या मागच्या गल्लीत त्याचं वर्कशॉप आहे. हे नाव त्याला का पडलं ते त्याला एक नट आवळताना पाहिलं की कळतं. आधी नट पुसतो, मग त्याच्याकडे बघतो, मग पाना पुसतो. तोवर आपला चहा गार होतो. पण त्याने आवळलेला नट सुटला असं आजवर कुणी ऐकलेलं नाही.

इंजिन एका ठोकलेल्या छोट्या गाडीचं मिळालं. सांगाडा दोघांनी नळ्या जोडून उभा केला. बसायच्या जागा तीन: पुढे नवरा आणि मी, आणि मागे बाबांसाठी एक रुंद खुर्ची, दवाखान्यातल्या पलंगासारखी पाठ मागे जाणारी. त्या खुर्चीची गादी आणि कव्हर माझ्याकडे आलं, म्हणून माझीही तिथे ये-जा सुरू झाली. खरं सांगते, सुरुवातीला मला हे सगळं पोरखेळ वाटत होतं. दोन घोडे लोखंडात खेळतायत, खेळू देत, म्हणून मी कानाडोळा केला.

पहिला घोळ मागच्या ॲक्सलवरून झाला. नवरा भंगारबाजारातून एका पिकअप व्हॅनचा अख्खा ॲक्सल उचलून घेऊन आला. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच जाड ओंडका, आणि वर धनुष्यासारखे वाकवलेले पोलादी पाटे. फार स्वस्तात पडला म्हणून स्वारी खूश होती. बाबा काठी टेकत बघायला आले. त्यांनी काठीच्या टोकाने त्या पाट्यांवर टकटक केली आणि म्हणाले, "हा? अरे, ह्याच्यावरच तर माझी पाठ मोडली."

नवऱ्याचा चेहरा एवढा पडला की मला हसू आवरेना. कासवाने मग त्याच्या गतीने समजावलं. असला जड ॲक्सल खड्ड्यात गेला की एका चाकाबरोबर सगळा ओंडका उडतो, आणि तो उडाला की वरच्या माणसाला उडवल्याशिवाय राहत नाही. बाबांसाठी दोन्ही चाकं एकमेकांपासून मोकळी हवीत, ज्याचा खड्डा त्याने सोसायचा. चाकाकडचं लोखंड जेवढं हलकं तेवढं बरं. आणि खुर्ची ॲक्सलच्या डोक्यावर नको, जेवढी पुढे आणता येईल तेवढी आणायची. ओंडका परत भंगारात गेला, अर्थात घेतला त्या भावात नाही.

त्याच्या जागी दोन बाजूंना दोन हलके आर्म आले. आर्म म्हणजे चाकाला सांगाड्याशी धरून ठेवणारे हात. इंजिन मागेच बसवल्यामुळे चाकं फिरवायला दोन छोटे शाफ्ट लागणार होते. मिळाले ते चार बोटं लांब. नवरा म्हणाला, मधून कापू आणि जोडून टाकू. कासवाने वेल्डिंगचं मशीन बंद करून त्याची वायर गुंडाळून ठेवली. जोडलेला शाफ्ट घाटात तुटला तर काय होईल हे त्याने तोंडाने सांगितलंच नाही. चांगल्या पोलादाचे नवे दोन शाफ्ट त्याने स्वतः कातले, टोकांना दाते पाडले, भट्टीवाल्याकडून कडक करून आणले. त्यात महिना गेला. माझा नवरा त्या महिन्यात माझं डोकं खात होता.

स्प्रिंगचं मात्र त्याने कुणाला विचारलं नाही. वजनाचा हिशोब हा आपला प्रांत, असं म्हणून त्याने तीन माणसं धरली, तीन गुणिले अडुसष्ट, आणि त्या भाराला साजेशा स्प्रिंगा स्प्रिंगवाल्याकडून वळवून आणल्या. शॉकअप, म्हणजे स्प्रिंगचं उसळणं आवरणारे दांडे, त्यांच्या जोडीचे. मी तेव्हा तिथेच उभी होते, खुर्चीच्या गादीला टाके घालत. माझ्या हातात सुई होती आणि तोंडात शब्द होता. मी शब्द गिळला.

कारण बाबा अडुसष्ट किलोंचे नव्हते. कधीकाळी असतील. मधल्या काही महिन्यांत त्यांनी माझ्याकडे त्यांच्या पँटी कमरेत आवळायला दिल्या, मग पुन्हा आवळायला दिल्या. पहिल्यांदा म्हणाले, कापड सैल पडलंय. दुसऱ्यांदा मी टेप घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, बाबा, कापड एवढं सैल पडत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना पायीपायी जवळच्या डॉक्टरकडे नेलं. तिथून तपासण्या, तिथून मोठा डॉक्टर. पोटात आजार होता आणि तो बराच पसरला होता. उपचार करता येतील, पण या वयात त्याचा त्रास जास्त आणि उपयोग थोडा, असं डॉक्टरांनी अगदी नीट, बसवून सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की गोळ्यांवर भागेल का. परत येताना त्यांनी मला शब्द द्यायला लावला.

"त्याला सांगू नकोस," म्हणाले. "कळलं की तो गाडी टाकून मला एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरवेल. मला नाही तसं जायचं."

मी शब्द दिला, आणि त्या दिवसापासून मला दोघांचाही राग यायला लागला. बाबांचा, कारण त्यांनी हे ओझं माझ्या डोक्यावर ठेवलं. नवऱ्याचा, कारण त्याला दिसत नव्हतं. बाबा आत दोन बनियन आणि वर स्वेटर घालून वावरायचे, हे खरं. पण स्वतःच्या बापाचं मनगट बघायला स्वेटर आड येत नाही. माझा नवरा माणसाकडे बघायच्या आधी त्याच्या पायाखालची फरशी सपाट आहे का ते बघतो, त्याला काय म्हणणार? रोज वाटायचं, आज सांगून टाकावं. रोज बाबा माझ्याकडे बघायचे आणि मी गप्प बसायचे.

शेवटी ते बाहेर पडलं कासवाच्या पद्धतीमुळे. त्याची एक रीत आहे. आर्म जिथे सांगाड्याला मिळतात तिथे रबराचे बुश असतात, सांध्यातल्या गादीसारखे. गाडी जॅकवर उचललेली, चाकं लोंबकळती, अशा वेळी ते बोल्ट आवळले तर गाडी खाली टेकल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी ताठ चालते आणि रबर लवकर फाटतं. म्हणून चाकं जमिनीवर टेकवून, आत भार ठेवून मगच आवळायचं. बाकीचे वर्कशॉपवाले वाळूची पोती ठेवतात. कासवाला पोती चालत नाहीत. पोतं ठेवलं तिथे पडून राहतं, माणूस सरकून आपल्या सवयीने बसतो, असं त्याचं म्हणणं. ज्यांची गाडी त्यांनी आत बसायचं, आणि तो खाली झोपून सावकाश बोल्ट आवळणार.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याने आम्हां तिघांना बोलावलं. कुरिअरवाल्याच्या गोदामातून चार सपाट वजनकाटे आणून त्याने चारही चाकांखाली ठेवले होते. काट्यांचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. बाबांनाही नव्हतं. त्यांनी काट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली.

आधी नवरा बसला. आकडे वाढले, त्याने मान हलवली, अगदी बरोबर. मग मी बसले. चारही काट्यांवरची वाढ मिळून अडुसष्ट ओलांडून बऱ्यापैकी पुढे गेली, तेव्हा कासव छताकडे बघायला लागला आणि नवरा उगाच खोकला. एरवी मी दोघांना सोडलं नसतं. त्या दिवशी माझं सगळं लक्ष मागे होतं. बाबा हळूहळू चढले, खुर्चीत टेकले, पाय लांब केले. मागचे आकडे थोडे हलले आणि थांबले.

नवरा खाली उतरला. त्याने मागचा काटा बोटाने ठोकला. मग पुढचे काटे मागे आणि मागचे पुढे केले. त्यासाठी बाबांना उतरवलं, पुन्हा बसवलं. आकडा तोच. "मागचे दोन्ही बिघडलेत वाटतं," तो म्हणाला. कासव हातातला पाना पुसत राहिला, जरुरीपेक्षा जास्त वेळ. मग नवऱ्याने बाबांना खाली घेतलं आणि स्वतः त्या खुर्चीत जाऊन बसला. कासवाने वाकून आकडा वाचला. तो बरोबर होता. नवरा तिथेच बसून राहिला, पाय लांब केलेले, आणि त्याने पहिल्यांदा बाबांकडे नीट पाहिलं.

"काटा बरोबर आहे रे," बाबा म्हणाले.

घरी आल्यावर नवरा माझ्या शिवणयंत्रापुढे उभा राहिला आणि एवढंच विचारलं: "तुला माहीत होतं?" मी हो म्हटलं. कधीपासून ते सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. तो ओरडला असता तर मीही ओरडले असते, माझ्याकडे भरपूर साठलं होतं. तो ओरडला नाही. म्हणाला, "तू माझ्यासमोर बसून त्या खुर्चीची गादी शिवत होतीस." मी रडले, आणि रडताना मला हलकं वाटत होतं त्याचीच मला लाज वाटली.

पुढे बाबा म्हणाले होते तसंच झालं. गाडीवर ताडपत्री पडली. नवऱ्याने रजा घेतली आणि बाबांना घेऊन एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरायला लागला, तेही टॅक्सीने, प्रत्येक खड्ड्याला त्यांचा हात आपल्या हातात दाबून धरत. सगळ्यांनी तेच सांगितलं, कुणी जास्त गोड शब्दांत, कुणी कमी. बाबा भांडले नाहीत. त्यांनी फक्त बोलणं कमी केलं, आणि खाणं त्याहून कमी केलं. प्रत्येक फेरीनंतर दोन-दोन दिवस ते कुशीवर पडून असायचे. डुलकी लागली की कळ त्यांना उठवायची. नवरा दाराशी उभा राहून त्यांच्याकडे बघत राहायचा. त्याची कीव यायची मला. दुरुस्त होत नाही अशी वस्तू त्याच्या हाताखाली कधी आलीच नव्हती.

एका दुपारी बाबांनी मला हाक मारली. स्वेटर काढून ठेवला होता, नुसत्या शर्टात होते. म्हणाले, चल सूनबाई, कासवाकडे जाऊ. मी म्हटलं, बाबा, झेपेल का? ते म्हणाले, मागची गल्ली तर आहे. ती गल्ली आम्ही तीनदा थांबत पार केली. तिथे पोचल्यावर बाबांनी कासवाला ताडपत्री काढायला सांगितली, जाऊन आपल्या खुर्चीत बसले, आणि मला म्हणाले, त्याला फोन कर.

रजा संपवून नुकताच कामावर जायला लागलेला नवरा कामाच्या कपड्यांतच धावत आला, काय झालं, काय झालं करत. बाबा खुर्चीत आरामात बसले होते.

"ह्या स्प्रिंगा मला ताठ पडतील," ते म्हणाले. "बदलून घे."

नवरा म्हणाला, बाबा, गाडीचं राहू द्या आता. बाबांनी जणू ऐकलंच नाही. त्यांनी कासवाला विचारलं की नव्या वळवून यायला किती दिवस लागतील. कासवाने डोकं खाजवलं. स्प्रिंगवाल्याकडे गर्दी असते, तीन-चार आठवडे तरी धरा, काका, असं म्हणाला.

"मग त्या दिवशी काट्यावर आलेलं वजन कामाचं नाही," बाबा म्हणाले. "चार आठवड्यांनी मी जेवढा असेन तेवढं धरा. चाळीस सांग त्याला."

वर्कशॉपमध्ये लेथ बंद होता. नवरा चाकापाशी उभा होता, एक हात मडगार्डवर. मला वाटलं तो निघून जाईल. तो म्हणाला, "सेहेचाळीस."

"एक्केचाळीस," बाबा म्हणाले.

"पंचेचाळीस."

"अरे, मी सांगतोय ना. माझं वजन मला माहीत नाही?"

"तुम्ही काही खात नाही म्हणून कमी होतंय. पंचेचाळीस."

"बेचाळीस."

आयुष्यभर मी गिऱ्हाइकांशी घासाघीस करत आले आहे, पण असली घासाघीस मी कधी ऐकली नव्हती. कासवाने आमच्याकडे पाठ केली होती आणि तो एक स्वच्छ नट पुसत होता. नवरा खाली बसला, बाबांच्या खुर्चीच्या उंचीला आला, आणि म्हणाला, "चव्वेचाळीस, बाबा. त्याच्याखाली मी नाही जाणार."

बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणानंतर ठेवला नसेल. "त्रेचाळीस धर," ते म्हणाले. "तेवढं मी राखतो. जेवेन रोज. पण मग तू मला टॅक्सीत घालून फिरवायचं नाहीस."

नवऱ्याने उठून स्प्रिंगवाल्याला फोन लावला. गाडीचं वजन सांगितलं, मागच्या आर्मची लांबी सांगितली. समोरून विचारलं असावं, कारण तो थांबला आणि मग म्हणाला, "मागे एकच माणूस. त्रेचाळीस किलो." समोरच्याला ऐकू गेलं नसावं. त्याला ते पुन्हा एकदा, मोठ्याने सांगावं लागलं.

बाबांनी बोलल्याप्रमाणे केलं. भूक नसताना जेवणं काय असतं ते मी त्या दिवसांत पाहिलं. ताट समोर आलं की ते ट्रकमध्ये माल भरावा तसे, शिस्तीने, एकेक घास आत टाकायचे. मधे थांबायचे, घाम पुसायचे, पुन्हा सुरू करायचे. काही दिवस पोटात राहायचं, काही दिवस नाही. नवरा कामावरून आला की दोघं गाडीचं बोलायचे. शॉकअप किती मऊ ठेवायचे यावरून एकदा चक्क भांडले, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ते भांडण आनंदाने ऐकलं.

स्प्रिंगा आल्या त्या कासवाने एकट्याने बसवल्या. पुन्हा आम्हां तिघांना बोलावलं, पुन्हा चाकांखाली काटे. बाबा आपल्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "राखलं की नाही?" कासवाने वाकून पाहिलं आणि म्हणाला, राखलंत, काका, पुरेपूर. मी आकडा पाहिला नाही. नवऱ्यानेही नाही. तो समोर स्टिअरिंगकडे बघत बसला होता. मग कासव खाली सरकला आणि बोल्ट आवळायला लागला. त्या दिवशी त्याने किती वेळ घेतला यावर कुणीच काही बोललं नाही.

आम्ही सकाळी निघालो. गावाबाहेर पडल्यावर घाटाच्या आधी उखडलेल्या रस्त्याचा एक लांब पट्टा आहे, बसवालेसुद्धा तिथे देवाचं नाव घेतात. मी पुढच्या सीटवरून मागे वळून बसले होते. बाबांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते आणि डोळे मिटले होते. पहिला खड्डा आला. चाक खाली गेल्याचा आवाज मला ऐकू आला. गाडी फक्त थोडी खाली-वर झाली, पाण्यातल्या होडीसारखी. बाबांनी डोळे उघडले.

"खड्डा होता ना?" त्यांनी विचारलं.

"होता," नवरा म्हणाला.

पुढचा खड्डा आला, मग त्याच्या पुढचा. बाबांच्या बोटांची पकड सुटली. ते हसायला लागले, आवाज न करता, नुसते खांदे हलवत. मी नवऱ्याला सांगितलं की ते हसतायत. त्याचे कान लाल झाले. लग्नाच्या दिवशीही त्याचे कान असेच लाल झाले होते, म्हणून मला अर्थ माहीत आहे.

घाटाच्या पहिल्या वळणावर मी दरी दाखवायला मागे वळले, तर बाबांची मान एका बाजूला कलली होती. मी वाकून त्यांच्या नाकाशी बोट धरलं. मग घोरणं ऐकू आलं. साधं, जाडं, ट्रकवाल्याचं घोरणं. जीव भांड्यात पडला माझा.

नवऱ्याने आरशात पाहिलं आणि गाडीचा वेग कमी केला. माथा जवळ येत होता. बाजूला दरी उघडत गेली, खालपर्यंत, पार नदीपर्यंत, आणि हवा इतकी स्वच्छ होती की पलीकडच्या डोंगरावरची झाडं मोजता आली असती. एवढ्यासाठी तर सगळं केलं होतं. नवरा हलक्या आवाजात म्हणाला, "उठवू?"

मी बाबांकडे पाहिलं. मी या घरात आले तेव्हापासून त्यांच्या कपाळावर दोन आठ्या आहेत, झोपेतसुद्धा जात नाहीत. मला वाटायचं चेहऱ्याची ठेवणच तशी आहे. त्या नव्हत्या. तोंड थोडं उघडं होतं आणि कपाळ सपाट होतं. मला उठवावंसं वाटलं, फार वाटलं, कारण पुन्हा कधी आणायला मिळेल ते मला माहीत नव्हतं. पण मी म्हटलं, "थांबवू नकोस. चालू दे."

आम्ही माथा ओलांडून पलीकडे उतरलो. पायथ्याला नवऱ्याने गाडी न थांबवता वळवली आणि आम्ही पुन्हा चढायला लागलो. पुन्हा माथा, पुन्हा दरी. बाबा झोपलेलेच. नवरा वळणं इतकी अलगद घेत होता की मागची बस वैतागून पुढे निघून गेली. तो रडत होता, पण रस्त्यावरची नजर त्याने हलवली नाही. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. अलीकडच्या पायथ्याला पोचलो तेव्हा समोरून एक ट्रक भोंगा वाजवत गेला. तो आवाज मात्र बाबांपर्यंत पोचला. ते हलले, तोंड पुसलं, बाहेर पाहिलं.

"घाट आला का रे?" त्यांनी विचारलं.

नवऱ्याने बाहीने चेहरा कोरडा केला.

"हा काय, आलाच, बाबा," तो म्हणाला, आणि त्याने गाडी वळवायला घेतली.